आत्याची वाट

कानीरेश, २० सप्टेंबर १९६७

रेशीददादा,

सगळ्यांचे सलाम घे. वहिनीचा, शियारचा, शेजारच्या म्हाताऱ्या फात्माचा आणि माझा. बाबांचा लिहीत नाही, कारण त्यांनी पाठवलेला नाही आणि न पाठवलेला सलाम मी लिहिणार नाही.

हेसोकाका हे पत्र कमरेच्या शेल्यात बांधून नेईल. जरा दमट झालं असेल तर राग मानू नकोस. आणि नीट घडी घातलेलं नसेल, तर आधी त्याला विचार की कोणी उघडलं होतं का. मी चार घड्या घातल्या आहेत.

एक गोष्ट पहिल्यांदा सांगते, म्हणजे बाकीचं वाचायला वेळ झाला नाही तरी चालेल. यंदा अक्रोड झोडायला डोंगरापलीकडून येऊ नकोस. मी कळवेपर्यंत आत्याच्या वाटेने पाऊल टाकू नकोस.

घाबरू नकोस, कोणी आजारी नाही. झालं असं की घरी पाहुणा आहे. नव्या शाळेत भूगोल शिकवायला एक मास्तर आला आहे, फेरित नावाचा, पश्चिमेकडच्या समुद्रकाठचा. गावात भाड्याची खोली मिळेना, तेव्हा बाबांनी आपली पाहुण्यांची खोली देऊन टाकली. म्हणाले, "शिकवणारा माणूस खानावळीत झोपतो हे गावाला शोभत नाही." इथवर मलाही काही वाटलं नाही. पण सरकार आता प्रत्येक प्रांताचं पुस्तक काढणार आहे. त्यात नद्या, डोंगर, जुना इतिहास, कोणतं गाव कोणत्या कचेरीखाली, सगळं येणार. आपल्या तालुक्याचा भाग या मास्तरने लिहायचा आहे.

बाबांना तर सणच मिळाला. रोज संध्याकाळी चुलीशी बसून ते त्याला सांगतात, जुन्या मीर राजांच्या काळात इथला कर कुठे जायचा, आजोबांच्या तरुणपणी आपलं गाव डोंगरापलीकडच्या अमेदीच्या ठाण्याखाली कसं होतं, मग मोठ्या लोकांनी दूर कुठेतरी बसून रेघ ओढली आणि ठाणं तिकडे राहिलं, गाव इकडे आलं. "माझ्या वडिलांच्या लग्नात सीमा नव्हती, बहिणीच्या लग्नात होती," हे वाक्य मास्तरने दोनदा म्हणायला लावलं आणि लिहून घेतलं. बहीण म्हणजे आपली आत्या. ती कुठल्या वाटेने सासरी गेली हे त्याने अजून विचारलेलं नाही.

माझं अक्षर चांगलं म्हणून स्वच्छ प्रत काढायचं काम माझ्याकडे आलं आहे. तुला आठवतं, बाबा आपल्याला राखेत प्रांत काढून शिकवायचे? बोटाने झाप नदीचा काठ ओढायचा, मोठ्या गावांना अक्रोडाची टरफलं ठेवायची, खेड्यांना मसूर. तू मसूर खाऊन टाकायचास आणि बाबा म्हणायचे, "रेशीदने आज दोन गावं उठवली." मला शाळा मिळाली नाही, पण ती राख मिळाली. मास्तर म्हणाला, "तुम्हाला माझ्या मुलांपेक्षा जास्त येतं." मी पुढचं पान उतरवायला घेतलं. कौतुक करणारा माणूस पुढे काही मागतो.

आणि भूगोलाच्या मास्तरला हे कशाला हवं सांग, की कुठल्या खिंडीत बर्फ कुठल्या महिन्यात साठतं आणि कुठल्या महिन्यात सुटतं? काल तो वहिनीला विचारत होता की उन्हाळी कुरणावर शेवटचा झरा कुठला. वहिनी हसत हसत सांगत होती. कुरणावरचा शेवटचा झरा कुठे आहे आणि त्याच्या वर काय आहे, ते तुला सांगायला नको.

वहिनी हल्ली बरीच हसते. हे मी उगाच लिहिलं. पण खोडत नाही.

तुझी बहीण,
सोसिन


कानीरेश, ९ ऑक्टोबर

दादा,

तुझा निरोप मिळाला. "एका मास्तरला घाबरून मी बायकोपोराला भेटायचं नाही का," असं तू म्हणालास म्हणे. हेसोकाकाने तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं, शिवीसकट.

मास्तरला नाही, दादा, मी बाबांना घाबरते. तीन वर्षांपूर्वी ठाण्यातला हवालदार अंगणात उभा राहून म्हणाला, "मेंढरं पलीकडे कोणी नेली?" आणि बाबांनी तुझं नाव सांगितलं, तुला सीमेपलीकडे पळावं लागलं. तू म्हणतोस बापाने मुलाला विकलं. विकलं नाही. त्यांना विचारलं आणि त्यांनी सांगितलं. जन्ममृत्यूच्या नोंदी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मेलेल्याला जिवंत लिहायचं नाही आणि जिवंताला मेलेला, यापलीकडे त्यांना धर्म नाही. म्हणून मला धडकी भरते. हा मास्तर एक दिवस सहज विचारेल, "मेलिक एफेंदी, या कड्यातून पलीकडे वाट आहे का?" आणि बाबा सहज सांगतील, "आहे."

परवा हे जवळजवळ झालंच. ताकातली गव्हाची आमटी वाढत होते. गावचा मुखिया, मुख्तार जेलो, जेवायला होता. तो मास्तरची चेष्टा करत होता, कारण मास्तरला घरून ऑलिव्हचा डबा येतो.

"मास्तर, शेळीच्या लेंड्या इतक्या लांबून कशाला मागवता? आमच्याकडे फुकट मिळतात."

"खाऊन बघा, मुख्तार, मग बोला."

जेलोने एक तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "आमच्या शेळीच्या बऱ्या असतील."

सगळे हसले. बाबासुद्धा. त्या हसण्यातच मास्तरने नकाशा पुढे ओढला आणि कड्यावर बोट ठेवून म्हणाला, "इथे सगळं कोरं आहे. एवढ्या मोठ्या डोंगरात एकही..."

माझ्या हातून वाडगं पडलं. पडलं असं लिहिते, पण खरं तर मी सोडलं. आमटी नकाशावर गेली, मास्तरच्या पँटवर गेली, जेलो ओरडला, "बघा, झापला पूर आला!" बाबा मला म्हणाले, "पोरी, तुझे हात आजवर थरथरले नव्हते." मी मान खाली घातली. मास्तर नकाशा पुसत माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून आहे. जे दिसलं ते लिहिते, तूच ठरव.

तो ठाण्यातल्या हवालदाराबरोबर सोंगट्या खेळतो आणि बहुतेक हरतो. पश्चिमेकडची माणसं सोंगट्यांत हरत नाहीत. तो मुद्दाम हरत असणार.

तो शियारला छपरावर घेऊन बसतो आणि दोघं डोंगराकडे बघत असतात. मी वर गेले की गप्प होतात. शियारला विचारलं, "काय बोलत होता?" तर म्हणतो, "ढगांचं." सहा वर्षांचं पोर ढगांचं एवढं काय बोलेल?

आणि सर्वात वाईट गोष्ट. आतापर्यंत पुस्तकाचं प्रत्येक प्रकरण त्याने मला उतरवायला दिलं. नद्या दिल्या, झाडं दिली, मीरांचा इतिहास दिला, जुनी मोडकी ख्रिस्ती देवळं दिली. डोंगर आणि खिंडी मात्र दिल्या नाहीत. मी विचारलं, "ते कधी देणार?" तर म्हणाला, "ते मी स्वतःच लिहिलं. कालच्या टपालाने गेलंसुद्धा."

"माझं अक्षर आवडलं नाही का?"

"अक्षर आवडतं म्हणूनच," असं म्हणून तो खोलीत गेला.

याचा अर्थ काय लावायचा? मी दोन दिवस लावते आहे आणि प्रत्येक वेळी तो एकाच ठिकाणी येतो. ज्या वाटेने भाऊ येतो ती त्याच्या बहिणीच्या अक्षरात नको, म्हणून ती त्याने स्वतःच लिहिली. पण मग त्याला सांगितली कोणी? हेसोकाका नाही. फात्माला दिसत नाही. राहिली वहिनी. माझ्यावर रागावू नकोस. मी रोज तिच्याबरोबर एका तव्यावर भाकरी भाजते आणि रोज तिच्याबद्दल हे मनात येतं. काल तिने त्याचा शर्ट धुतला. पाहुण्याचा शर्ट घरची बाई धुतेच, मीही धुतला असता, तरी मी बघत राहिले.

मुख्तारची बायको दुपारी येऊन गेली. तिने लोकर मागितली. आणखीही काही विचारलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

येऊ नकोस.

सोसिन


कानीरेश, २४ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र लिहायला मला तुझी परवानगी हवी होती आणि परवानगी मागायला हेच पत्र लिहावं लागतं. तुझं उत्तर येईपर्यंत बर्फ पडेल. म्हणून ठरवून टाकलं आहे आणि आता सांगते.

शियारची सुंता येत्या शुक्रवारी आहे. त्याचा किरीव फेरित मास्तर होणार.

आता पत्र फेकू नकोस. पुढचं वाच.

सुंतेला पोराला मांडीवर कोणी घ्यायचं, किरीव कोणी व्हायचं, हे बापाने ठरवायचं असतं, हे मला कळतं. तू इथे असतास तर मी तोंडही उघडलं नसतं. पण परक्या माणसाला घरचं करायची आपल्याकडे दुसरी रीत कुठली आहे? आजोबांनी वैरी टोळीतल्या माणसाच्या मांडीवर बाबांना दिलं होतं आणि त्या दिवसापासून गोळी सुटली नाही. किरीव झालेला माणूस त्या घराचं वाईट करू शकत नाही. त्याच्या मांडीवर या घराचं रक्त सांडलेलं असतं. वाट त्याने लिहिली असेल तर तो ती खोडून घेईल. लिहिली नसेल तर यापुढे लिहिणार नाही. हवालदारापुढे त्याची जीभ उचलणार नाही. हे मला सुचलं, दादा, दुसऱ्या कोणाला नाही. त्यामुळे शिव्या द्यायच्या तर मलाच दे.

मी बाबांना सांगितलं तेव्हा ते जुनी लेखणी तासत होते. कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना वाटेबद्दल सांगावं लागलं असतं. एवढंच म्हटलं, "शियारला किरीव हवा, आणि मास्तर भला माणूस आहे."

बाबांनी तासणं थांबवलं. "भला आहे. म्हणूनच विचारतो. जेलोच्या बायकोने तुझ्याशी काही बोलणं काढलं होतं ना?"

"काढलं होतं."

"मग तुला कळतंय ना तू काय म्हणतेस ते? एकदा किरीव झाला की..."

"कळतंय, बाबा."

"सात पिढ्या."

"माहीत आहे. तुम्हीच शिकवलंय."

त्यांनी लेखणीचा चुरा झटकला. मग म्हणाले, "मला वाटलं होतं तुझं उत्तर वेगळं असेल." आणि पुन्हा तासायला लागले. लेखणी इतकी तासली की टोक उरलं नाही.

मागच्या पत्रात जे लिहिण्यासारखं नाही म्हटलं, ते आता तुला कळलंच असेल. लपवायचं नव्हतं. मुख्तारीण म्हणाली होती, "मास्तरने माझ्या नवऱ्याला विचारलंय, मेलिक एफेंदींकडे कोणाला पाठवायचं असतं. आता बोल, पोरी. लांबचा आहे, लेंड्या खातो, पण तुझ्याकडे चष्मा पुसून बघतो." मी तिला लोकर दिली आणि दार लावलं. मला त्याच वेळी वाटलं, हा घरात शिरायचा दुसरा दरवाजा तर नाही ना? जावई झाला तर त्याच्यापासून काय लपणार? जावयाला सगळं सांगतात. किरीवाला सगळं सांगितलं नाही तरी तो बांधलेला असतो.

असं मला वाटलं. दुसरंही काही वाटलं असेल, पण ते तुझ्या कामाचं नाही.

एक गोष्ट मात्र मनाला खात होती. त्याच्या समुद्राकडे किरीव नावाचं काही नसतं. तो म्हणे, "म्हणजे सोहळ्यात पोराचा हात धरायचा? आनंदाने!" जेलो आणि बाबा दोघंही गप्प बसले. गाफील माणसाला दोरी बांधायची हे मला पटेना. मग मीच अंगणात त्याला गाठलं. वहिनी भाकरी भाजत होती, म्हणजे एकटं असं नव्हतं.

म्हटलं, "मास्तर, तुम्हाला कोणी पुरतं सांगितलेलं नाही. पोर मांडीवर घेतलंत की तुम्ही या घराचे सख्खे होता. शियारचे काका, वहिनीचे दीर, माझे..."

"तुमचा?"

"भाऊ. आणि मग तुमच्या घरात नि आमच्या घरात सोयरीक होत नाही. कधीच नाही."

त्याने चष्मा काढला. नेहमी काढतो तसा पुसला नाही, नुसता हातात धरला. चष्म्याशिवाय तो वेगळाच दिसतो, लहान मुलासारखा.

"हे तुमच्या बाबांनी ठरवलं?"

"मी."

"तुम्हाला हेच हवंय?"

दादा, तुला माहीत आहे मला खोटं बोलता येत नाही. मी उत्तर शोधलं आणि एक खरं उत्तर सापडलं. म्हटलं, "या घरासाठी मला हेच हवंय."

तो म्हणाला, "मग बरं." आणि मग आपल्याकडच्या माणसासारखा छातीवर हात ठेवून वाकला. हे त्याला कोणी शिकवलं कोण जाणे.

वहिनीची भाकरी करपली. तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसणं टाळलं.

सोसिन


कानीरेश, ३ नोव्हेंबर

दादा,

थोडक्यात लिहिते. वर ढग काळे आहेत आणि हेसोकाका निघायची घाई करतो आहे. यानंतर वाट बंद.

झालं. शियार शूर होता. वस्तरा दिसताच मात्र म्हणाला, "मला आता सुंता नको, उद्या करू." मास्तरने त्याला मांडीवर घट्ट धरलं आणि कानात काहीतरी सांगितलं. पोर एकदम हसलं, आणि तेवढ्यात काम झालं. रक्त मास्तरच्या गुडघ्यावरच्या पांढऱ्या फडक्यावर पडलं. वहिनीने फडकं घडी करून पेटीत ठेवलं. जेलोने हवेत गोळी झाडली, हवालदार काय झालं म्हणून धावत आला आणि त्यालाही भात वाढावा लागला. मास्तरने शियारला निळं जाकीट आणि पृथ्वीचा गोल दिला. गोल शियारने अंथरुणातच फिरवला आणि विचारलं, "यात माझे बाबा कुठे आहेत?"  आपले बाबा उठून बाहेर गेले.

तुझा निरोप हेसोकाकाने सगळ्यांच्या नजरेआड नेऊन मला सांगितला. "तू माझ्या मुलाला सरकारच्या मांडीवर बसवलंस." बरं. लिहून ठेवते, म्हणजे तुला नंतर नाकारता येणार नाही.

मास्तर आता शाळेशेजारच्या खोलीत राहायला गेला. म्हणाला, आता खोली मिळाली. ती खोली महिनाभर रिकामी होती, मला माहीत आहे. त्याची खाट दुमडून ठेवली. ऑलिव्हचा अर्धा डबा राहिला आहे. वहिनी म्हणते टाकून दे. अजून टाकला नाही.

मी अजूनही त्याच्यावर नजर ठेवून आहे. किरीव झाला तरी त्याला किरीवपण कळतं की नाही, कोण सांगणार?

सोसिन


कानीरेश, ११ मे १९६८

रेशीददादा,

सगळ्यांचे सलाम घे. वहिनीचा, शियारचा, माझा. फात्मा जानेवारीत गेली, बाबांनी तिची नोंद स्वतः जाऊन करून घेतली. आणि बाबांचा सलाम घे. या वेळी त्यांनी पाठवला आहे. मी दोनदा विचारून खात्री केली.

हेसोकाका वर जाऊन आला. बर्फ सुटलं, झरा वाहतो आहे, त्याच्या वर कुणाचा पायही पडलेला नाही. पण तेवढ्यावर मी तुला ये म्हटलं नसतं. मार्चमध्ये कुर्बानीच्या सणाला काय झालं ते ऐक.

किरीव सणाला येतोच, तसा तो आला. शियारसाठी साखर आणि बाबांसाठी पुस्तकाची पानं घेऊन. छापखान्यातून तपासायला आलेली कच्ची पानं होती. बाबांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. पहिल्याच पानावर म्हणाले, "हे साल चुकलं." दुसऱ्यावर, "हा ओढा डावीकडून मिळतो, उजवीकडून नाही." मास्तर हसत दुरुस्त्या करत होता. मी चहा गाळत होते आणि कान तिकडेच होते. मग डोंगर आणि खिंडींचं पान आलं. बाबा वाचत गेले, एकेक खिंड, एकेक महिना, आणि शेवटी आपल्या कड्यापाशी आले.

"या रांगेतून सीमेपलीकडे जाणारी वाट नाही."

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. बाबांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली, या वेळी मनात. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ज्या माणसाने स्वतःच्या मुलाचं नाव हवालदाराला सांगितलं, तो आता चूक दुरुस्त करणार.

बाबा म्हणाले, "छपाई स्वच्छ आहे." आणि पान उलटलं.

मास्तर गेल्यावर मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले.  तेच म्हणाले, "बस. मला त्याने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. यात खोटं काही नाही."

"त्याने कधीच विचारलं नाही?"

"वाटेचं नाही. दुसरं विचारलं होतं. आपण अंगणात अक्रोड झोडत होतो. तू माळ्यावर होतीस. तो म्हणाला, 'एफेंदी, तुम्हाला एखादी गोष्ट कोणी विचारलीच नाही, तर ती सांगायला तुम्ही बांधलेले नाही ना?' मी विचार केला. तीन वर्षं याच गोष्टीचा विचार करतोय मी, सोसिन. म्हटलं, 'नाही, बांधलेला नाही.' तो म्हणाला, 'मग मी विचारत नाही.'"

अक्रोड झोडत होतो, म्हणजे ऑक्टोबरची सुरुवात. सुंतेच्या कितीतरी आधी. मुख्तारीण लोकर मागायला आली त्याच्याही आधी.

शियार खाली गोल फिरवत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मी तर किरीवला कधीच सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतंस?"

"छपरावर. माझे बाबा तिथून येतात म्हणून. तो म्हणाला, हे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही, आणि मला सांगितलंस हेपण सांगायचं नाही, मीही सांगणार नाही. आता तो घरचाच झाला, मग सांगायला काय?" आणि थोड्या वेळाने, "आत्या, तू का रडतेस? मी चुकलो?"

मी म्हटलं, "नाही, तू शूर आहेस." ते खरं होतं.

म्हणजे त्याला सगळं आधीपासूनच माहीत होतं. ते पान त्याने मला उतरवायला दिलं नाही, कारण माझ्या हातून खोटं लिहिलं जाणार नाही हे त्याला कळलं होतं. म्हणून ते खोटं त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं. जेवताना नकाशावर बोट ठेवून तो काय म्हणणार होता, हे मला आता कधी कळायचं नाही. मी वाडगं सोडलं. बहुतेक म्हणणार होता, "एकही वाट नसावी, नाही का, एफेंदी?" आणि बाबांना हो म्हणायचीही गरज पडली नसती. आणि अंगणात मी त्याच्यापुढे उभी राहून "भाऊ" म्हटलं, तेव्हा त्याला वाटलं की मी त्याला नकार देते आहे, रीतीच्या आडून, मान राखून. त्याने तो नकार मान राखून घेतला. शियारला दिलेलं वचन मोडलं असतं तर एका वाक्यात सगळं सुटलं असतं. त्याने मोडलं नाही.

जो आधीच बांधलेला होता त्याला बांधायला मी सात पिढ्यांची दोरी वापरली. आता ती सुटत नाही. मी बाबांना विचारलंसुद्धा, जुन्या काळात कुठे सुटली होती का. बाबांना इतका इतिहास पाठ आहे. ते म्हणाले, "नाही, पोरी. मी शोधून पाहिलं." म्हणजे त्यांनीही शोधलं होतं.

वहिनीची मी माफी मागितली. काय म्हणून, ते तिला सांगावं लागलं. तिने आधी मला लाटण्याने एक ठेवून दिली आणि मग जवळ घेतलं. म्हणाली, "वेडे, मी हसत होते ते तुझ्याकडे बघून. तो आला की तू ओढणी तीन वेळा सारखी करायचीस."

तेव्हा ये, दादा. वाट मोकळी आहे आणि आता पुस्तकातही ती नाही. बाबांनी अक्रोडाची एक गोणी विकायची नाही म्हणून कोपऱ्यात ठेवली आहे. कोणासाठी ते कोणी विचारलेलं नाही, त्यामुळे त्यांना सांगावं लागलेलं नाही.

एवढं लिहून थांबणार होते, पण मग हे पत्र अपुरं राहिलं असतं आणि अपुरं म्हणजे निम्मं खोटं. त्या सणाच्या दिवशी मास्तरचा मफलर आपल्याकडे राहिला होता. शियारचं ऐकल्यावर मी तो घेऊन गल्लीत धावले. तो वळणापर्यंत गेला होता. जेलो, त्याची बायको आणि अर्धं गाव उन्हात बसलेलं होतं. "मास्तर" अशी हाक आता मारता येत नाही, लोक विचारतील की किरीवाला मास्तर म्हणून परकं का करतेस. मी उभी राहिले. श्वास घेतला.

"दादा," मी हाक मारली, "मफलर राहिला."

तो लगेच वळला नाही. मग आला, मफलर घेतला, "बरं" म्हणाला, आणि चष्मा काढून पुसायला लागला. तो बराच वेळ पुसत होता. मी परत आले.

तू येशील तेव्हा त्याला घरी बोलावू. तुम्ही दोघं शेजारी बसाल. मी हाक मारीन तेव्हा दोघंही मान वर कराल.

तुझी, आणि आता त्याचीही, बहीण
सोसिन